चहाच्या पेटीतलं शिसं

जळगावात डॉक्टर बऱ्हाट्यांच्या दवाखान्यात हाडांचा फोटो काढायचं मशीन आलं ते एकोणीसशे एकतीस साली, आणि त्याच आठवड्यात मंजुळाबाई ‘धरणाऱ्या’ झाल्या. तशी त्यांची नेमणूक फरशी पुसायला आणि पट्ट्या उकळायला होती. माहेर धुळ्याजवळ कापडण्याचं. नवरा गेल्यावर भावाच्या घरी बसून खायचं नाही, म्हणून त्यांनी जळगाव गाठलेलं. बांधा लहानखुरा, पण आवाज असा, की या बांधावरून हाक मारली तर चौथ्या शेतातला बैल मान वर करील.

मशीनपुढे आलेला पहिलाच पेशंट म्हणजे झाडावरून पडलेला सात वर्षांचा पोरगा. अंगणात तेलाचं इंजिन धडधडायला लागलं, खोलीत वायरीपाशी काहीतरी कडाडलं, आणि पोरगा मोडका हात घेऊन दाराकडे पळाला. बापानं धरून परत आणला. डॉक्टर म्हणाले, “बाळ, किंचितही हालचाल करू नकोस हं.” डॉक्टर इकडचेच, यावलकडचे, पण मुंबईत शिकलेले. पेशंटशी ते छापील बोलायचे, स्वल्पविरामासकट. पोरगा आणखी जोरात ओरडला. मंजुळाबाईंनी पोछा टाकला, त्याचं मनगट आणि खांदा घट्ट धरला आणि कानात सांगितलं, “हालू नको रे भाऊ, नही ते फोटोमा तुले चार हात येतीन!”

पोरगा थिजला. फोटो निघाला. हात दोनच आले.

तेव्हापासून प्रथाच पडली. पारोळ्याहून, एरंडोलहून, बोदवडहून गाड्या जुंपून लोक यायचे आणि डॉक्टरांच्या आधी विचारायचे, “मंजुळाबाई धरतीन ना?” त्या धरणार असल्या तर पोर मशीनखाली जायचं, नाहीतर बाप पोराला उचलून हाडवैद्याकडे निघायचा. मंजुळाबाईंना याचा भारी अभिमान. कपाळावर आठी नाही, कुरकुर नाही. दिवसाला चार पोरं, कधी सहा, वर्षामागून वर्षं. पोराचा हात टेबलावर, त्या हातावर मंजुळाबाईंचे हात, वरून नळीतले किरण.

बायकांचं वेगळंच प्रकरण असायचं. चांदीचे गोट काढायला कोणी तयार नसे. “लगीनमा घालेल शेतस, मरानंतर निंघतीन,” असं म्हणून एकीनं हात पाठीमागे नेले. मंजुळाबाईंनी तिला एक जुना फोटो खिडकीशी धरून दाखवला. मनगटावर दोन पांढरेफटक गोल, आणि त्यांच्या आड हाड गायब. “दख व माय. हाई तुन्ही चांदी. हाड येनं का दिसी? तुले हाड जोडाना शे का गोट?” बाईनं तेल मागितलं आणि गोट काढले.

अशा हजार फोटोंमधून मंजुळाबाई न शिकता शिकल्या. चांदी पांढरी येते, हाड जरा करडं येतं, मांस काळपट, आणि लुगडं तर येतच नाही. लुगडं येत नाही हे मात्र त्यांनी बायकांना कधी सांगितलं नाही. फोटोला एक बाई आली नसती.

फोटोच्या टेबलात ढेकूण होते. शिसवीचं जड टेबल, सांध्यासांध्यांत ढेकूण, आणि पेशंट उताणा झोपला की त्यांचं जेवण. हिलाल कंपाउंडरला एक दिवस कल्पना सुचली, की मशीन आपलंच आहे, किरण आपलेच आहेत, मग रॉकेल कशाला वाया घालवायचं? डॉक्टरांनाही मौज वाटली. त्यांनी नळी टेबलाच्या सांध्यावर आणून थांबून थांबून बराच वेळ चालवली. संध्याकाळी हिलालनं सळई फिरवली. ढेकूण ठणठणीत! दुसऱ्या दिवशीही ठणठणीत, आणि चौथ्या दिवशी तर त्यांच्यात पिल्लं.

“पाहिलंत?” डॉक्टर खूश होऊन म्हणाले. “एवढासा जीव, तोही मरत नाही. मग मनुष्यदेहास काय अपाय होणार?”

हे वाक्य दवाखान्यात कायमचं मुक्कामाला राहिलं. कोणी घाबरला की हिलाल नाक वर करून डॉक्टरांच्या आवाजात म्हणायचा, “ढेकूणही मरत नाही, महाशय!” बाकावरची माणसं हसायची आणि निवांत आत जायची. मंजुळाबाईही हसायच्या.

अडतीस साली आखाजीला त्या कापडण्याला गेल्या. आखाजी म्हणजे खानदेशातल्या लेकीबाळींचा सण, झाडाला झोका, घरात आमरस आणि खापरावरचे मांडे. मांडे करणं हे मंजुळाबाईंचं काम. पुरण भरलेला उंडा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवायचा, बोटांच्या पाठीवर घुमवत घुमवत वाढवायचा. शेवटी तो परातीएवढा होतो आणि त्याच्यातून चूल दिसते. मग तो उलट्या खापरावर पसरायचा. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. कोणाच्याही घरचं लग्न असो, मांड्यांना मंजुळाबाईंनाच बोलावणं.

त्या दिवशी पहिला मांडा हातावर फाटला.

भावजय यशोदाबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या अक्का, पीठ कच्चं व्हई.”

दुसराही फाटला, तिसऱ्याचं पुरण चुलीत पडलं. पीठ चांगलं होतं. मंजुळाबाईंच्या बोटांना भेगा होत्या, नखांच्या कडेनं कातडी सुकून खरबरीत झाली होती, आणि पीठ तिथं अडकत होतं. वर्षभर त्या भेगांना तेल लावत होत्या. एवढी भांडीधुणी म्हटल्यावर भेगा असायच्याच, असं समजून चालल्या होत्या. आता उन्हात हात धरून नीट पाहिले. नखांवर उभ्या काळ्या रेघा. बोटांच्या पाठी चकचकीत, जसं जुनं रेशीम. आणि खापरावरून चटका बसला होता, फोड आला होता, तो कधी आला ते कळलंच नव्हतं.

“दवाखानामा जाईसन हात मडमना व्हई गयात वाटतं,” यशोदाबाई म्हणाल्या. बायका हसल्या.

मंजुळाबाईंनी हात पदराखाली घेतले. भाऊ सुकदेव जेवायला बसला, त्यानं ताटात मांड्याऐवजी पोळी पाहिली आणि काही न विचारता आमरस वाढून घेतला. त्याचं न विचारणं भावजयीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. जळगावात उतरल्या आणि पिशवी हातात तशीच घेऊन थेट फोटोच्या खोलीत. डॉक्टर खिडकीशी एक फोटो बघत उभे होते. मंजुळाबाईंनी दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले.

“हाई काय शे, डॉक्टरभाऊ?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “फिनाईल. तीव्र फिनाईलमुळे त्वचा रुक्ष होते. खोबरेल लावा.”

“फिनाईल ते हिलालबी वापरस. त्याना हात दखा, कसा लोनीना गोया.”

हिलालनं दारातूनच आपले हात पाठीमागे लपवले, जणू लोण्याच्या गोळ्याची चोरी सापडली.

“मग वय,” डॉक्टर म्हणाले.

“वय काय नुसतं हातलेच येस का? तोंड ते तसंच शे मनं.”

“मंजुळाबाई, किरणांची शंका मनात आणू नका. आपण प्रयोग केला आहे. ढेकूण...”

“ढेकूण ऱ्हाऊ द्या.” मंजुळाबाईंनी कपाटावर हात घातला आणि मशीनची जुनी, बाद झालेली नळी खाली काढली. “हाई काच नवी व्हती तवय कशी व्हती? पानीसारखी. आते दखा.”

काच जांभळट झाली होती, वांग्याच्या फुलासारखी. मशीनवर बसलेली नवी नळी शेजारीच लखलखत होती, त्यामुळे फरक लपायला जागाच नव्हती.

“काचले भेग पडस नही, दुखस नही, तिले जीव नही. तरी तिना रंग फिरना. मंग मन्ही कातडीनं काय?”

डॉक्टरांनी नळी डाव्या हातानं बाजूला सारली.  

मंजुळाबाईंची नजर डॉक्टरांच्या डाव्या हातावर गेली. दोन वर्षं डॉक्टर त्या हातात कातड्याचा मोजा घालत. जळगावच्या वैशाखात, जिथं माणूस अंगरखा काढून पाण्याच्या हौदात बसावा असं ऊन, तिथं कातड्याचा हातमोजा! लोक म्हणायचे मुंबईची फॅशन.

“तुमना हात दखाडा,” त्या म्हणाल्या.

“अहो, त्याचा इथं काय संबंध?”

“दखाडा.”

डॉक्टरांनी मोजा ओढला. तर्जनीवर चामखिळीसारखी गाठ, तिची खपली निघून लाल झालेलं मांस. रोज सकाळी मशीन सुरू केलं की डॉक्टर चमकत्या पडद्यासमोर स्वतःचा डावा हात धरायचे. बोटांची हाडं स्वच्छ दिसली की नळी ठीक. सात वर्षं रोज.

“अडीच वर्षं झाली, बरंच होत नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचं छापील मराठी एकदम सुटलं. “मले वाटलं काहीतरी चावलं असीन. मंग वाटलं, मोजा घालला तं बरं होईन. कोनाले सांगू, बाई? ढेकनाचं मीच तं सांगत फिरलो!”

मंजुळाबाईंनी पिशवी खाली ठेवली. रागावायचं ठरवून आल्या होत्या. ते आता जमेना.

“मंग आते कसं करानं?” त्यांनी विचारलं. “फोटोमा चांदी पांढरी येस. म्हंजे तठे किरन अडस. हातवर चांदी बांधानी का?”

“शिसं,” डॉक्टर म्हणाले. “पुस्तकात शिशाचे मोजे लिहिले आहेत. मुंबईला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही.”

“शिसं म्हंजे ते जड, मऊ, राखना रंगनं? सोहनलाल शेठना दुकानमा भिंतले ठोकेल शे ते?”

सोहनलाल शेठचं चहा-किराण्याचं दुकान दवाखान्यापासून चार घरं सोडून. आसामाकडून चहाच्या लाकडी पेट्या यायच्या, चहाला ओल लागू नये म्हणून पेटीला आतून शिशाची पन्नी असायची. चहा संपला की शेठ ती पन्नी सोलून भिंतीला ठोकायचे, गुळाला ओल लागू नये म्हणून. उरलेली गुंडाळून माळ्यावर.

“पन्नी?” शेठ म्हणाले. “ले जावो बाई, कचरा है.” मंजुळाबाईंनी भेंडोळं उचललं. शेठची मान वळली. “पण हे तुमाला कायको पायजे?”

“दवाखानामा.”

“डॉक्टरसाबको? मेरी पन्नी?” शेठनी गल्ल्यावरून उतरून चपला घातल्या. “मंग मी बी येते. माल मेरा है, काय होते ते मेरेको समजायला पायजे.” आतून शेठाणी सुगनबाईंनी जेवणाला हाक मारली, शेठनी “आयो, आयो” म्हणत विरुद्ध दिशेला चालायला सुरुवात केली.

डॉक्टरांना शंका, की हे शिसं कशावरून, कथील असलं तर? मंजुळाबाई म्हणाल्या, मशीनलाच विचारू. फिल्मचा डबा टेबलावर ठेवला आणि त्यावर एकेक वस्तू मांडल्या. पन्नीचा एक थर, दोन थर, चार, आठ, सोळा. शेजारी शिसवीची फळी, कारण डॉक्टर कधीकधी तिच्या आड उभे राहायचे. शेठच्या गोदामाची पितळी किल्ली. डॉक्टरांचा कातड्याचा मोजा. हिलाल आगपेटीत एक ढेकूण घेऊन आला. “याचाबी फोटो येऊ द्या. इतकी वर्षं आपलं नाव काढलं बिचाऱ्यानं.”

सगळे खोलीच्या बाहेर उभे राहिले. मंजुळाबाईंना सात वर्षांत पहिल्यांदा बाहेर उभं राहून मशीनचा आवाज ऐकू आला. आत असताना तो कधी ऐकू आला नव्हता. तिथं पोराचं रडणं असायचं.

अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना शेठ हट्टानं आत घुसले आणि दर क्षणाला विचारत राहिले, “आया क्या? आया क्या?” मग डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीशी धरली.

किल्ली पांढरीशुभ्र. पन्नीचा एक थर करडा. दोन थर उजळ. चार आणखी उजळ. आठ पांढरे. सोळाही पांढरे, आणि आठात नि सोळात डोळे फाडून पाहिलं तरी फरक कळेना. फळी दिसायला नजर ताणावी लागत होती. मोजा कुठं होता?

“इथं ठेवला होता मी,” डॉक्टर म्हणाले आणि एका काळ्या जागेवर बोट ठेवलं. दोन शिवणींचे पुसट दोरे आणि एक बटण तेवढं आलं होतं. ज्या मोज्याच्या भरवशावर दोन वर्षं काढली, तो मशीनच्या लेखी नव्हताच.



“आनि ढेकूण?” हिलालनं विचारलं. फोटोत ढेकूणही नव्हता. आगपेटी उघडली, तर तो तुरुतुरु चालत हिलालच्या बाहीत गेला.

“तो कसा टिकतो ते मला ठाऊक नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्याचा पिंड निराळा. पण ढेकूण म्हणजे मनुष्य नव्हे, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.”

शेठनी मात्र आपल्या पन्नीचा फोटो पाहून छाती फुगवली. “आठ थर! आठ में काम पक्का. असली माल है, आसाम का.” उरलेलं भेंडोळं त्यांनी स्वतः डोक्यावरून आणून दिलं, आणि पुढे वर्षभर गिऱ्हाइकाला चहा बांधून देताना पेटीचे गुण आधी सांगितले, चहाचे नंतर.

मंजुळाबाईंनी गोणपाटाच्या दोन लांब बाह्या शिवल्या, आत आठ थर शिसं. घातल्यावर माणूस खेकड्यासारखा दिसायचा, पण पोराचं मनगट दाबून धरता यायचं. दाराआड एक लाकडी आडोसा होता, त्यालाही आठ थर ठोकले.

“झालं,” डॉक्टर म्हणाले. “आता बाह्या घालून तुम्ही धरा.”

“मी नही धराव.”

“मग धरणार कोण?”

“ज्यानं पोर, त्यानं धराव. डॉक्टरभाऊ, वैशाखमा आंगन वलांडं ते कोनी मरस का? पन रोज दिनभर उनमा उभं ऱ्हायनं ते? बाप येस एकदाव, धरस एकदाव, घर जास. मी हजारदाव धरं. मनं ऊन व्हई गयं.”

“लोक ऐकायचे नाहीत, मंजुळाबाई. तुमच्या नावावर येतात.”

“मी सांगस त्यास्ले.”

दुसऱ्या दिवशी बोदवडचा पुना आला. सहा फूट उंच, मिशा कानापर्यंत, आणि कडेवर पाय सुजलेली पाच वर्षांची पोरगी. बाकावर दहा-बारा माणसं होती. पुना दारातूनच म्हणाला, “मंजुळाबाई धरतीन न? तिच्यासाठीच तं आलो मी.”

मंजुळाबाई उठल्या. गेला आठवडाभर त्यांनी दवाखान्याबाहेरच्या कोणासमोर हात पदराबाहेर काढले नव्हते. बाकावर त्यांना ओळखणारी निम्मी माणसं, दोघी तर कापडण्याकडच्याच. आता बोलल्या तर आखाजीला जे घरात झालं ते गावभर होणार होतं. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात वर केले, पालथे, मग उताणे.

“बठ्ठा जन दखी ल्या,” त्या चौथ्या शेतातल्या बैलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “हाई सात वरीस पोरं धरानं काम शे. फोटो वाईट नही. एकदाव काढा, काही व्हत नही. पन तेच ते हात रोज रोज नको. आजपाईन मायबाप धरतीन, मी बोलसू.”

कोणी हसलं नाही. एक म्हातारी उठून जवळ आली, तिनं मंजुळाबाईंची बोटं आपल्या हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, “आनि आम्ही तुले पोरं देत ऱ्हायनूत.”

पुनानं बाह्या घातल्या. पोरगी टेबलावर, पुनाचे हात तिच्या पायावर, आणि एवढा मोठा गडी थरथर कापतोय. आडोशामागून मंजुळाबाईंचा आवाज आला, “पोरगी गप शे, पुनाभाऊ, तूच हालस! फोटोमा तुन्या मिशा येतीन!” पोरगी खदखदून हसली, बापाला हसू आलं, आणि डॉक्टरांना तो फोटो दोनदा काढावा लागला.

दोन-चार गाड्या हाडवैद्याकडे वळल्या, हे खरं. महिन्याभरात परतही आल्या. डॉक्टरांनी पडद्यासमोर हात धरणं सोडलं. त्या जागी कसायाकडून आणलेलं बकरीच्या पायाचं हाड दोरीला टांगलं. पण त्यांच्या बोटाला उशीर झाला होता. चाळीस साली मुंबईत ते बोट पेरापर्यंत काढावं लागलं. परत आले तेव्हा मंजुळाबाईंनी विचारलं, “दुखस का?” डॉक्टर म्हणाले, “नसलेलं बोट दुखतं, बाई. हे कोनत्या पुस्तकात लिहिलंय, मले सापडत नाही.”

मंजुळाबाईंच्या हातांनी जास्त साथ दिली. पहिल्या वर्षी काही फरक नाही. त्या आखाजीला त्या माहेरी गेल्या, मांड्यांचं खापर दुसऱ्या कोणी मांडलं, आणि यशोदाबाई एक शब्द बोलल्या नाहीत, ही त्या बाईकडून मोठीच मेहेरबानी. दुसऱ्या वर्षी भेगा भरल्या. नखांच्या रेघा तशाच राहिल्या, उजव्या हाताची दोन बोटं गार-गरम काही सांगेनात.

एक्केचाळीसच्या आखाजीला मंजुळाबाई न विचारता चुलीपुढे बसल्या. उंडा घेतला, आणि बोटांवर न झुलवता मनगटाच्या वर, कोपरापर्यंतच्या कातडीवर झुलवायला लागल्या. पोरं धरताना ती कातडी नेहमी किरणांच्या बाहेर राहिली होती. पहिला मांडा फाटला. दुसरा लोंबला. तिसरा खापरावर गेला, जरा जाड, जरा वाकडा, परातीएवढा नाही, ताटाएवढा.

यशोदाबाई वाकून बघत होत्या. “अक्का, हाऊ मांडा शे का भाकर?”

“खाई दख, मंग बोल.”

यशोदाबाईंनी तुकडा मोडला, आमरसात बुडवला, तोंडात टाकला. गल्लीतल्या बायका थांबून राहिल्या.

“मीठ कमी शे,” यशोदाबाई म्हणाल्या आणि दुसरा तुकडा मोडला. सुकदेवनं ओसरीवरून हाक मारली, “मना ताटमा कवय येई?” मंजुळाबाईंनी चौथा उंडा उचलला.